अंगणातली तालीम

"आरशात बघू नकोस," डॅडी म्हणाले. "त्याला दिसतं."

मी मान सरळ केली. मागच्या पोलिसगाडीचा दिवा आमच्या काचेवर निळा-लाल नाचत होता. डॅडींनी ट्रक सावकाश रस्त्याच्या कडेला घेतला, मागचा घोड्याचा ट्रेलर वाकडा राहणार नाही अशा बेतानं थांबवला आणि इंजिन बंद केलं. मग काच खाली. डोक्यावरची हॅट काढून डॅशबोर्डवर. दोन्ही हात स्टिअरिंगच्या माथ्यावर, बोटं पसरून. तोवर माझेही हात डॅशबोर्डवर जाऊन बसले होते. सगळं इतकं बिनबोभाट झालं, की बघणाऱ्याला वाटावं, या बापलेकांचा हा रोजचाच धंदा आहे.

रोजचा नव्हता, पण सवयीचा होता. आम्ही पूर्व टेक्सासातली काळी माणसं. मी पंधरा वर्षांचा झालो, शिकाऊ परवान्याचं वय झालं, तेव्हा डॅडींनी मला आधी गाडी चालवायला शिकवलंच नाही. आधी थांबायला शिकवलं. अंगणात उभ्या असलेल्या ट्रकमध्ये मला बसवायचे आणि स्वतः मागून चालत यायचे. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात भलामोठा पान्हा, डॅडी शाळेच्या बस दुरुस्त करायचे तिथला. त्या पान्ह्यानं काचेवर टकटक करून परक्या माणसाच्या आवाजात विचारायचे, कुठं निघालास, ही गाडी कुणाची, तुझ्याकडे कशी आली. कागद कायम समोरच्या सनशेडला चिमट्यानं लावलेले असायचे, म्हणजे खिशात हात घालायची वेळच यायला नको. 'उतर' म्हटल्याशिवाय उतरायचं नाही. उत्तरं दोनच, 'हो सर' आणि 'नाही सर'. आमच्याकडे बापालाही सर म्हणतात, त्यामुळे तेवढं मला सोपं गेलं.

चुकून माझा हात मांडीवर आला, नाक खाजवायला वर गेला, की एकच शब्द यायचा. "हात." ओरडून नाही, अगदी सपाट आवाजात. मग पुन्हा पहिल्यापासून. मी हसलो तरी पुन्हा पहिल्यापासून. आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून थोडा वेळ बघायची आणि पडदा ओढून घ्यायची. आमच्या गल्लीत प्रत्येक घरी ही तालीम चालायची. कुणाचा बाप पोराला रडवायचा, कुणाचा चॉकलेट द्यायचा. माझा बाप पुन्हा पहिल्यापासून करून घ्यायचा.

तर तो जून महिन्यातला शनिवार होता. त्या दिवशी जूनटीन्थ होता. गुलामगिरी संपल्याची बातमी टेक्सासात पोचली तो हा दिवस. आमच्या भागात त्या दिवशी काळे घोडेस्वार गावागावांतून जमतात, रस्त्यानं मिरवत जातात, मग मासे तळतात, नाचतात, आणि आपापल्या घोड्याच्या थापा मारतात. मी तेव्हा ह्यूस्टनला नोकरीला होतो. घोड्यावर जेमतेम बसायचो, आणि दोर फेकला तर वासराऐवजी माझ्याच कानाला फास बसायचा. पण आई जाऊन फार दिवस झाले नव्हते, आणि डॅडींनी एकट्यानं मिरवणुकीला जावं हे मला बरं वाटेना. म्हणून रजा काढून आलो होतो.

ट्रेलरमध्ये डीकन होता. डीकन म्हणजे चर्चमधला वडीलधारा सेवक. हा घोडा खाताना मान खाली घालून डोळे मिटायचा, म्हणून आईनं त्याला हे नाव दिलं होतं. आई गेल्यापासून डॅडी सकाळची कॉफी तबेल्यात प्यायला लागले होते. तिथं ते त्याच्याशी काय बोलायचे ते मला कधी कळलं नाही, कारण मी आलो की दोघंही गप्प व्हायचे. खरं सांगायचं तर मला त्या घोड्याचा थोडा हेवाच वाटायचा. पण त्या घरात डॅडींना त्याच्याशिवाय दुसरं कोण होतं?

डीकनला खोड एकच. ट्रेलर चालू असला की गुणी बाळ, थांबला की अंगात यायचं. पुढच्या पायानं फळी खरवडायचा, उसळायचा. ट्रेलरमध्ये घोड्याच्या छातीसमोर एक आडवा लोखंडी दांडा असतो. उसळता उसळता त्याचा पाय कधी त्या दांड्यावरून पलीकडे गेला, तर तो अडकून लोंबकळणार. तशी वेळ आली तर म्हणून बाहेरच्या अंगाला एक खिट्टी असते. ती ओढली की दांडा खाली पडतो आणि पाय सुटतो. लहान पोरालाही जमेल असं काम. म्हणून डॅडी त्याला घेऊन निघाले की वाटेत कुठं थांबायचे नाहीत. पाणी प्यायलाही नाही.

पोलीस माझ्याहून लहान वाटत होता. उन्हानं गाल सोललेले, मानेवर टाचणीएवढे पुरळ. त्यानं सनशेडवरचे कागद काढून घ्यायला सांगितले. डॅडींनी एक हात उचलतोय असं आधी सांगितलं, मग उचलला. परवाना वाचून तो म्हणाला, "ऑर्विल. कुठून आलास, ऑर्विल?"

डॅडी त्याच्या आजोबांच्या वयाचे. गावात त्यांना नुसत्या नावानं हाक मारणारं माणूस उरलं नव्हतं. पण त्यांनी शांतपणे उत्तर दिलं, शेवटी सर लावून. ट्रेलरची नंबरप्लेट चिखलानं माखली होती, एवढाच आमचा गुन्हा. कागद तपासतो म्हणाला. "गाडीतच थांब. दोघंही." आणि आपल्या गाडीकडे परत गेला. त्यानं दार लावलं, काच वर केली. त्या उन्हात त्याची वातानुकूलित हवा त्याला हवीच होती.

आम्ही बसून राहिलो. मागे डीकननं खरवडायला सुरुवात केली. डॅडी तोंडातल्या तोंडात त्याच्याशी बोलत होते, आता निघूच, आता निघूच. लाकडं वाहणारे ट्रक शेजारून गेले की आमची गाडी हलायची. मग एक मोठा धक्का बसला, ट्रेलर एका अंगाला कलला, आणि त्यानंतर आला तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. घोडा एवढा मोठ्यानं ओरडतो हे मला माहीतच नव्हतं.

"दांड्यावर पाय गेला," डॅडी म्हणाले.

त्यांनी मान खिडकीकडे करून हाक मारली, "सर! ऑफिसर, सर!" शेजारून ट्रक धडधडत गेला. पोलिसगाडीची काच वरच होती. त्यांनी पुन्हा हाक मारली. मागे लोखंडावर लोखंड आपटल्यासारखे खुरांचे आवाज येत होते आणि प्रत्येक आवाजागणिक डॅडींचे खांदे उडत होते. मी बाजूच्या आरशात बघितलं. पोलीस खाली मान घालून काहीतरी वाचत होता.

मग डॅडींचा डावा हात स्टिअरिंगवरून उतरला आणि दाराच्या कडीवर गेला.

मी त्यांचं तोंड बघितलं. ते माणूस माझ्या ओळखीचं नव्हतं. त्यांनी कडी ओढली असती, उतरले असते, आणि उतरल्यावर धावलेच असते. जिवाभावाचं जनावर मरत असताना कुणी चालत जातं का? आणि मागे बसलेल्या त्या पोरानं मान वर केली असती, तेव्हा त्याला घोडा दिसला नसता. त्याच्या दिशेनं धावत येणारा एक उंच काळा माणूस दिसला असता. मी विचार केला असं म्हणणं खोटं होईल. माझ्या तोंडून निघून गेलं.

"हात."

डॅडी थांबले. माझ्याकडे वळून बघितलं नाही. कडीवरून बोटं एकेक करून सुटली, हात वर आला, स्टिअरिंगच्या माथ्यावर जाऊन बसला. बोटं पसरली. मागे डीकन ओरडत होता आणि आम्ही दोघं फोटो काढायला बसल्यासारखे समोर बघत होतो.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. पोलीस उतरला तेव्हा ओरडणं थांबलं होतं, नुसती घरघर येत होती. तो चालता चालता ट्रेलरपाशी दचकला, हात कमरेच्या पट्ट्याकडे गेला. डॅडी अगदी हळू, शब्द सुटे सुटे करून बोलले. "सर, माझा घोडा अडकलाय. मी उतरू का?"

त्यानं आमच्याकडे बघितलं, ट्रेलरकडे बघितलं. "एकानंच," तो म्हणाला. "हळू."

डॅडी उतरले. दोन्ही हात अंगापासून लांब, तळवे उघडे. आणि ट्रेलरकडे चालत गेले. धावले नाहीत. मी आरशात बघत होतो. आजवर मी माणसं मेलेली बघितली आहेत, पण त्या चालण्याइतकं वाईट काही बघितलेलं नाही.

खिट्टी ओढली, दांडा पडला, आणि डीकनचं अख्खं अंग खाली आलं. डॅडींनी आणि पोलिसानं मिळून त्याला मागच्या दारानं गवतावर ओढून घेतलं. पुढचा पाय गुडघ्याच्या वर मोडला होता, हाड बाहेर आलं होतं. घोड्याचा असा पाय पुन्हा जुळत नाही. पोलिसानं वायरलेसवर जनावरांच्या डॉक्टरची चौकशी केली. शनिवार होता, सणाचा दिवस होता, आणि जवळ कुणी नव्हतं. डीकन मान उचलायचा आणि आपटायचा. तो पोरगा पांढराफटक पडला होता. त्यानं डॅडींना काहीतरी विचारलं, आणि विचारताना आपल्या पिस्तुलाकडे बघितलं. डॅडींनी डीकनच्या मानेवरून एकदा हात फिरवला.

मग म्हणाले, "हो सर."

ते डीकनच्या डोक्याशी गुडघे टेकून बसले. कानात काहीतरी बोलले. अंगठ्यानं त्याच्या कपाळावर एक जागा दाखवली आणि बाजूला झाले, पण लगामाची दोरी हातातून सोडली नाही. मी ट्रकमध्येच होतो. मला कुणी उतर म्हटलं नव्हतं. गोळीचा आवाज झाला तेव्हा माझे हात डॅशबोर्डवरच होते.

पोलिसानं हॅट काढली. तो वाईट पोरगा नव्हता, हे मी तेव्हाही म्हणालो असतो आणि आताही म्हणतो. त्यानं डीकनला न्यायला दुसरा ट्रक येईपर्यंत रस्त्यावर उभं राहून गाड्या वळवल्या, पाणी आणून दिलं. निघताना डॅडींना म्हणाला, "तुम्ही मला सांगायला हवं होतं, सर." पहिल्यांदाच त्यानं डॅडींना सर म्हटलं.

"हो सर," डॅडी म्हणाले.

डीकनला आमच्या कुंपणाच्या आत, पाइनच्या झाडांखाली पुरलं. गावातली माणसं फावडी घेऊन आली होती, मिरवणुकीचे रंगीत शर्ट अंगावर तसेच. त्यानंतर डॅडींनी दुसरा घोडा आणला नाही. ट्रेलर एका चुलतभावाला देऊन टाकला. तबेल्याला कडी लावली आणि कॉफी ओसरीवर प्यायला लागले. माझ्याशी बोलायचे, पण बेसबॉलविषयी, हवेविषयी, चर्चच्या गळक्या छपराविषयी. त्या दिवसाबद्दल अवाक्षर नाही. मी मनाशी धरून चाललो की माझ्या त्या एका शब्दाचा राग त्यांच्या मनात आहे. विचारायची हिंमत होत नव्हती. थँक्सगिव्हिंगच्या सणाला जायचो, जेवायचो, परत यायचो. बापलेकांत असं एक भरलेलं गळू घेऊन आम्ही वर्षं काढली.

माझा मुलगा एझ्रा पंधरा वर्षांचा झाला तेव्हा मी त्याला घेऊन डॅडींकडे आलो. कशासाठी ते सांगायची गरज नव्हती. दुपारची वेळ. मी माझा ट्रक अंगणात नेमका त्याच जागी उभा केला, एझ्राला स्टिअरिंगमागे बसवलं आणि ओसरीवर जाऊन डॅडींना म्हटलं, तुम्ही पोलीस व्हा, हे तुमच्याइतकं कुणाला जमत नाही.

"तूच कर," ते म्हणाले आणि कॉफीच्या कपात बघत बसले.

मी गॅरेजमधून त्यांचा पान्हा आणला. काळा चष्मा लावला. मागून चालत जाऊन काचेवर टकटक केलं, परक्या माणसाच्या आवाजात विचारलं, कुठं निघालास, ही गाडी कुणाची. एझ्रा हुशार पोरगा, पण चुळबुळ्या. त्याचा हात पुन्हा पुन्हा खाली यायचा, आणि मी म्हणायचो, हात, आणि पुन्हा पहिल्यापासून. मधेच त्यानं मान न वळवता, हात स्टिअरिंगवर ठेवूनच विचारलं, आजोबांचा घोडा असाच गेला ना? चुलतभावंडांनी त्याला काय काय सांगितलं होतं. मग मी खरं काय झालं ते सांगितलं. काच, ट्रक, दांडा, खिट्टी, सगळं.

तो म्हणाला, "मग हॉर्न का नाही वाजवला?"

मी स्टिअरिंगवरच्या त्याच्या तळहातांकडे बघितलं. हॉर्न. डॅडींचे तळहात त्या हॉर्नपासून वीतभरसुद्धा लांब नव्हते. हात न हलवता अंगठा दाबला असता तरी वाजला असता. आम्ही दोघं तिथं बसून त्या घोड्याचं मरण ऐकत होतो आणि दोघांपैकी एकालाही हॉर्न सुचला नव्हता. तेव्हाही नाही, त्यानंतर इतक्या वर्षांतही नाही.

ओसरीची पायरी करकरली. डॅडींना ऐकू गेलं होतं. ते खाली आले, ट्रकच्या बॉनेटवर हात टेकून उभे राहिले.

"तालमीत नव्हता," ते म्हणाले. "मी तुझ्याकडून करून घेतली त्यात हॉर्न नव्हता. माझ्या बापानं माझ्याकडून करून घेतली, त्यातही नव्हता."

आता नाही तर कधीच नाही, असं मला वाटलं. मी म्हटलं, "मी 'हात' म्हटलं नसतं तर तुम्ही उतरला असता. डीकन वाचला असता."

"वाचला असता. मी नसतो, कदाचित." त्यांनी मान हलवली. "त्याचा राग मला कधीच नव्हता, सेड्रिक."

"मग इतकी वर्षं गप्प का बसलात?"

ते तबेल्याकडे बघत बोलले. "तुला दोर फेकायला शिकवला, तो तुला आला नाही. घोड्यावर बसायला शिकवलं, ते जेमतेम आलं. तुझी आई गेली तेव्हा प्रार्थना म्हणायला उभा केला, तर तू अर्ध्यात विसरलास. आणि त्या दिवशी ट्रकमध्ये तो शब्द तुझ्या तोंडून आला, तो हुबेहूब माझ्या आवाजात. एक कणभर चूक नाही. मला वाटलं, बाप म्हणून मी पोराला एवढंच नीट शिकवलं. घोडा गेला, त्याचं दुःख झालंच. पण माझी वाचा गेली ती या विचारानं."

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. पुसायला गेलो तर हातात पान्हा. तो मी गवतावर टाकून दिला. तोंडाला आलं ते विचारलं. "दोर आहे अजून?"

"असेल. तबेल्यात, खिळ्याला."

"मग चला. पोराला दोर तरी दाखवू."

आम्ही तबेल्याकडे गेलो. कडी गंजली होती, दोघांनी मिळून जोर लावल्यावर निघाली. आत अजून डीकनचा वास होता, किंवा मला तसं वाटलं. डॅडी एका कोपऱ्यात उभे राहिले, मग खिळ्यावरचा दोर काढला. एका जागी उंदरांनी कुरतडला होता. त्यांनी फास करून डोक्यावर फिरवून बघितला. खांदा दुखला म्हणून शिवी हासडली. मग मला दिला आणि म्हणाले, आधी कान झाकून घे. आम्ही हसलो. किती वर्षांनी हसलो कोण जाणे. मी दोन वेळा फेकला, दोन्ही वेळा खांबाच्या आसपासही गेला नाही. डॅडी माझं मनगट धरून, पुन्हा पहिल्यापासून, कोपर कुठं ठेवायचं ते दाखवत राहिले. आईच्या गोष्टी निघाल्या. डीकनच्या निघाल्या. उन्हं तबेल्याच्या दारातून बरीच आत आली.

मग मला पोराची आठवण झाली. दारातून हाक मारली, एझ्रा, इकडे ये, आजोबा काय दाखवतात बघ. तो आला नाही. पुन्हा हाक मारली. "येऊ का, सर?" असा आवाज आला.

आम्ही दोघं बाहेर आलो. ट्रक उन्हात होता. काच खाली होती. एझ्रा समोर बघत बसला होता, कपाळावरून घाम ओघळून डोळ्यांत जात होता, आणि दोन्ही हात स्टिअरिंगच्या माथ्यावर होते, बोटं पसरून.

हात खाली घे, असं आमच्यापैकी कुणी त्याला म्हटलंच नव्हतं.